मागच्या खोलीतली थप्पी

गावातली सर्वांत जुनी दुकानाची इमारत पाडायची की राखायची, हे इंजिनिअर त्या दिवशी ठरवणार होता. वहिनी लग्न झाल्यापासून तेच दुकान चालवत होत्या. पोटापाण्याचं दुसरं साधन घरात नव्हतं.

इमारत सासऱ्यांच्या आजोबांनी बांधली, ती मिठाचं गोदाम म्हणून. पुढे तिथे कापड आलं, मग धान्य. मधे काही वर्षं दर्शनी खोलीत टपाल कचेरी होती. माल बदलला, पण एक शिस्त टिकली: मागची खोली पोत्यांनी ठासून भरलेली हवी. नवी पोती आल्याशिवाय जुनी काढायची नाहीत. रिकामं दुकान गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून, असं घरात सांगत.

मागची भिंत इंजिनिअर साहेबांना नीट दिसावी म्हणून धाकट्या दिराने सकाळी ती खोली रिकामी केली.

"बघा वहिनी, कशी लख्ख झालीय."

"भावजी, पोती कुठायत?"

"अंगणात. तुम्हाला कौतुक करणं म्हणून माहीत नाही."

इंजिनिअरने छताजवळून ओळंब्याची दोरी सोडली. दोरी आणि भिंत यांच्यात तळाशी वीतभर फट पडली. भिंत आत झुकली होती. बोट लावताच खालच्या विटेचा भुगा झाला.

"मिठाने खाल्लीय. इथे काय असायचं?"

"पोती. कायम."

"मग हिला पोत्यांनीच धरलं होतं. बाहेर व्हा."

वरून गिलाव्याचा पोपडा सुटला. दीर पांढराफटक पडला.

"पडली तर?" वहिनींनी विचारलं.

"छतासकट सगळं जाईल."

"दाराकडून थप्पी रचत, तिच्यावरून पोती पुढे सरकवत गेलो तर? भिंतीच्या आणि आमच्या मधे पोती राहतील."

इंजिनिअर खोलीबाहेर आला. मग ओळंब्यावर नजर रोखून दारात उभा राहिला. "दोरी आणि भिंतीतलं अंतर वाढलं की हाक मारीन. तेव्हा पोतं टाकून पळायचं."

दोघं पोती वाहू लागली. अर्ध्यावर आतून चर्र आवाज आला. दोघं जागीच थांबली. इंजिनिअरने दोरी पाहिली. "अंतर तेवढंच आहे. चालू ठेवा."

शेवटची रांग भिंतीला टेकली तेव्हा वरून गळणारी गिलाव्याची माती थांबली.

"पाडायची नाही," तो म्हणाला. "टेकू लावून ही एक भिंत नव्याने बांधा. तोवर यातलं एकही पोतं विकायचं नाही."

"मग विकायचं काय?" दिराने विचारलं.

"पुढच्या खोलीत आहे ते," वहिनी म्हणाल्या. "आणि भावजी, पुन्हा साफसफाईची हौस आली तर स्वतःच्या खोलीपासून सुरुवात करा. आता पुढचं दार उघडा, गिऱ्हाईक कधीचं ताटकळलंय."