झपाट्यानं वाढणारे ससे

साताऱ्याच्या डोंगरउतारावरचं धुकं शेडच्या जाळीतून आत येई आणि पांढरे ससे त्यात विरघळल्यासारखे दिसत. सांगलीहून पहाटे निघालेल्या चंदनाला तिथं पोचलं की वाटे, आपण अजून एसटीतच पेंगतोय.

शेड अंबूबाईंचं. दरवेळी सगळ्यांत झपाट्यानं वाढलेली पिल्लंच त्यांनी पैदाशीला ठेवली होती. जुन्या, सावकाश वाढणाऱ्या वाणाच्या मोजक्याच माद्या उरल्या होत्या. अशा निवडीनं सशांच्या अंगातल्या चरबीचं काय होतं, हे चंदना सांगलीत, विश्रामबागच्या कॉलेजात तपासत होती. एकही ससा मारायचा नाही, असा शब्द तिनं आईला, राजमतीला, दिला होता. कानाच्या शिरेतून थोडं रक्त, बस.

त्या सकाळी अंबूबाई दारातच उभ्या होत्या.

"थोरली परवा व्याली गं. पर तवापास्नं तोंडात काय घेत न्हाई. पिल्लांकडं बघतबी न्हाई."

झपाट्यानं वाढलेल्यांतली सगळ्यांत मोठी मादी, थोरली, कोपऱ्यात मिटून बसली होती. चंदनाला जैनांच्या दशलक्षण पर्वात घरी दहा दिवसांचे उपवास धरलेली आई आठवली. अन्नावाचून ती किती शांत दिसायची. अंगातली चरबी सुटते, मेदाम्लं होऊन रक्तातून वाहते, शरीर तिच्यावर तगतं. हिच्या अंगात मात्र काही साठलेलंच नव्हतं की काय? सगळं वाढण्यातच गेलं?

तिनं रक्त घेतलं, मादीला गूळपाणी पाजलं. मग जुन्या वाणाच्या, नुकत्याच व्यालेल्या मादीच्या घरट्यातली लव मुठीत घेऊन थोरलीच्या पिल्लांच्या अंगावर हळूहळू चोळली आणि पिल्लं त्याच घरट्यात ठेवली.

"आता वास एकच झाला. घेईल ती."

दोघी श्वास रोखून बसल्या. धुक्यात वेळ जणू थांबला. मग जुनी मादी घरट्यात शिरली, आणि दूध ओढल्याचा चुटूचुटू आवाज येऊ लागला.

"घेतलं गं बाई!" अंबूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

थोरली संध्याकाळी गेली.

सांगलीत रक्त तपासलं, तेव्हा उपाशी असूनही त्यात मेदाम्लं फार कमी निघाली. एका मादीवरून काही सिद्ध होत नाही, हे चंदनानं फोनवर स्पष्ट सांगितलं.

"व्हय, पर मी डोळ्यांनी बघितलं न्हवं का," अंबूबाई म्हणाल्या. "आता निस्तं वजन बघून न्हाई ठेवायची. तूच येऊन निवड."

पुढच्या खेपेला चंदनानं जुन्या वाणाचं एक मध्यम वजनाचं पिल्लू उचललं. ते तिच्या ओंजळीत अंग सैल सोडून झोपी गेलं, आणि ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.