एका खेपेला एकच तक्रार

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात एका खेपेला एकच तक्रार ऐकली जाई. खिडकीच्या वर तशी पाटीच होती. दुसरी तक्रार असेल तर आठवडा थांबा, असंही खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. नियम चांगल्या हेतूनं केलेला होता. पूर्वी म्हणे एका विद्यार्थिनीनं डोकेदुखीपासून सुरुवात करून होणाऱ्या नवऱ्याच्या स्वभावापर्यंत मजल मारली होती, आणि मागची रांग ताटकळून ताटकळून आपोआप बरी होऊन घरी गेली होती.

पेन्सिलच्या तक्रारी तीन होत्या. हे नाव त्याला तो बारीक व्हायच्या आधीपासूनच होतं, कानामागे कायम पेन्सिल खोचलेली असायची म्हणून. या टर्ममध्ये मात्र तो नावाला जागायला लागला होता.

पहिल्या खेपेला त्यानं तहान सांगितली.

"पाणी पितोस का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, बादलीभर पितो."

"उत्तम. चालू ठेव."

पेशंट उपचार आधीच सुरू करून आलाय, याचं डॉक्टरांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी खुर्चीतून हात पुढे करून त्याची पाठ थोपटली. पाठीऐवजी बरगड्या लागल्या, पण बरगड्या ही आजची तक्रार नव्हती.

दुसऱ्या खेपेला त्यानं वजन सांगितलं. जेवण दुप्पट आणि अंग निम्मं, असं कसं? "होस्टेलच्या मेसमध्ये जेवतोस ना? मग दुसरं काय होणार," डॉक्टर म्हणाले आणि केळी, साखर घातलेलं दूध आणि एक गोड टॉनिक लिहून दिलं.

"सर, आणि ती तहान अजून..."

"ती झाली ना मागे?" डॉक्टरांच्या लेखी तहान मार्गी लागली होती.

तिसऱ्या खेपेला थकवा. त्यावर त्यांनी झोप सांगितली.

पंचाईत अशी की तिन्ही उत्तरं बरोबर होती. पाण्यानं तहान भागते, खाण्यानं वजन वाढतं, झोपेनं थकवा जातो. यात बोट ठेवायला जागा कुठे होती? पेन्सिल प्रत्येक वेळी पूर्णपणे पटून बाहेर आला आणि दारापाशीच्या नळाला तोंड लावून उभा राहिला.

खरं म्हणजे चौथीही एक तक्रार होती. त्याला सारखी लघवी लागायची. पण ती सांगायची तर आधी खिडकीवरच्या बाईंना सांगावी लागणार. काचेला भोक होतं ते पेनाएवढं, त्यामुळे बाई पेशंटचं म्हणणं बरोबर ऐकलं ना याची खात्री करायला ते मोठ्यानं परत म्हणत. एकदा इतिहासाच्या एका प्राध्यापकांना "मूळव्याध का? रक्त पडतं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाकावरचा अख्खा प्रथम वर्षाचा वर्ग आदरानं उठून उभा राहिला होता. तेव्हापासून ते सर रजेवरच होते. पेन्सिलच्या वर्गातल्या चार मुली तरी रोज त्या बाकावर असत. त्यानं चौथी तक्रार गिळली आणि वर पाणी प्यायलं.

शहरातलं मोठं हॉस्पिटल केंद्राच्या चिठ्ठीशिवाय विद्यार्थ्याला दारात उभं करत नसे. म्हणजे वाट एकच होती आणि ती पेनाएवढ्या भोकातून जात होती.

ताईचा फोन आला. वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं; ताई तिथं काजं-बटणं करत करतच बोलायची, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं दातांत सुई धरून व्हायचं.

"फोटो बघितला तुझा. ती मान आहे का छत्रीची दांडी?"

"अभ्यास असतो गं."

"अभ्यासानं डोकं झिजतं, गाल नाही. रक्त, लघवी, सगळं तपासून घे. नाहीतर बाबांना दाखवते फोटो. दुकानाला कुलूप लावून येतील आणि तुझ्या वर्गात शेजारी बसतील."

ही धमकी नव्हती, बाबांनी ताईच्या कॉलेजात हे करून दाखवलेलं होतं.

पेन्सिलनं ही अडचण खोलीतल्या सोबत्याला सांगितली. त्याला सगळे गोदाम म्हणत, कारण त्याच्या कॉटखाली आणि पोटात मिळून वसतिगृहाला महिनाभर पुरेल एवढा माल असे. गोदाम हा प्रॉक्सी हजेरीतला जाणकार. पाच वेगवेगळ्या आवाजांत तो पाच जणांची हजेरी लावायचा, आणि एका सरांनी त्यातल्या दोघांना वक्तशीरपणाबद्दल बक्षीसही दिलं होतं.

"तुझा आठवडा भरायला अजून वेळ आहे," गोदाम म्हणाला. "माझी पाटी कोरी. मी जातो, तुझी तक्रार सांगतो. बाटली देतील, ती तू भर. रिपोर्टमध्ये काही निघालं तर सरळ सांगून टाकू, सर, हा याचा."

"आणि खिडकीवर काय सांगशील?"

"सांगेन की. लाज वाटायला माझ्यात जागा कुठे उरलीय?"

वर्गात प्रॉक्सी चालते, मग दवाखान्यात का चालू नये, हा युक्तिवाद दोघांनाही बिनतोड वाटला. बाहेरच्या कुठल्याही माणसाला तो तसा वाटला नसता, पण त्यांची सगळी पदवी याच युक्तिवादावर उभी होती.

गोदाम खिडकीपाशी गेला आणि बाईंच्या आधी स्वतःच ओरडून म्हणाला, "सारखी लघवी होते." बाई पहिल्यांदाच गप्प झाल्या. बाटली मिळाली. पेन्सिलनं ती भरून गोदामच्या हातात दिली आणि दोघं बाकावर बसले.

थोड्या वेळानं डॉक्टर धावत बाहेर आले. डॉक्टरांना पाय आहेत हे तेव्हा बऱ्याच जणांना कळलं.

"ही साखर, हे किटोन," ते गोदामला म्हणाले, "आणि तू बसलायस कसा? आडवा हो. कुणीतरी स्ट्रेचर आणा."

"सर, ती माझी नाहीये. याची आहे."

"भ्रम सुरू झालाय," डॉक्टर परिचारिकेला हळू आवाजात म्हणाले. "या अवस्थेत होतो."

पेन्सिल उठून उभा राहिला. जमीन जरा कलली. "सर, खरंच माझी आहे ती. मला तहान लागते, वजन उतरलंय, थकवा..."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे पाणावले होते. "मित्र असावा तर असा. पण बाळा, दुसऱ्याचा आजार आपल्या अंगावर घेता येत नाही रे." मग त्याचा तोल जातोय हे बघून त्यांनी त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलं. "तूही खचलायस. ग्लुकोज द्या याला, मोठा ग्लास. आणि तुला झोप सांगितली होती ना मी? ती घे."

चौघांनी मिळून गोदामला उचललं. तो दारातून जाईपर्यंत "अहो, याला न्या" म्हणत होता आणि चौघं "हो हो" म्हणत होते. अँब्युलन्स गेली. केंद्राकडे ती एकच होती.

पेन्सिलच्या हातात ग्लास आला. जीभ सुकलेल्या चामड्यासारखी झाली होती. त्यानं एका दमात तो संपवला, दुसरा मागितला, तोही मिळाला. असा झटपट आणि मनापासून उपचार त्याला तिथं पहिल्यांदाच होत होता. मग त्याचे डोळे मिटले.

पुढचं त्याला नंतर गोदामनं सांगितलं. हॉस्पिटलात गोदामच्या बोटाला सुई टोचली तर साखर ठणठणीत. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचं म्हणणं सलग, शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्याला त्याच अँब्युलन्समध्ये घालून परत पिटाळलं. तो पोचला तेव्हा पेन्सिल बाकावर आडवा होता, श्वास भात्यासारखा चालला होता, आणि आजूबाजूचे पेशंट कुजबुजत बोलत होते. "हळू," खिडकीवरच्या बाई गोदामला म्हणाल्या. "डॉक्टरांनीच झोप सांगितलीय त्याला. उठवू नका."

गोदामनं त्याला खांद्यावर टाकलं. तो म्हणाला की वजन असं काही नव्हतंच.

पेन्सिलला जाग आली ती अतिदक्षता विभागात. साखर उतरत होती. इन्सुलिन आता जन्मभर. मूत्रपिंडांना दणका बसलाय, तो किती भरून निघेल ते आताच सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन आठवडे आधी आला असतास तर, असंही म्हणाल्या आणि वाक्य तिथंच सोडलं.

बाबा, ताई आणि गोदाम पलंगाशी होते. "तू त्यांना सांगितलं का नाहीस?" ताईनं विचारलं.

"सांगितलं ना," पेन्सिल म्हणाला. "एकेक करून."

तेवढ्यात केंद्राचे डॉक्टर भेटीला आले. हातात केळी होती. ती बघून त्यांचं त्यांनाच काही आठवलं असावं, कारण त्यांनी ती गोदामकडे दिली. मग ते बाबांकडे वळले.

"मुलं लपवतात हो. यानं लघवीचं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी तिथल्या तिथे ओळखलं असतं. आजार आमच्याच प्रयोगशाळेत सापडला, हे मात्र खरं."

"लाजाळू आहे तो, त्याच्या आईवर गेलाय," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. बाबांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही डॉक्टरसमोर टोपी डोक्यावर ठेवली नव्हती. "तुम्ही होता म्हणून वाचला. चुकलं पोराचं, पदरात घ्या."

"असू दे, असू दे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खरोखरच माफ केलं.

पेन्सिलला बोलायचं होतं. पण बाबांचे जोडलेले हात मधे होते, आणि त्यांच्यावरून पलीकडे जाईल असं एकही वाक्य त्याला सुचेना. त्यानं ताईकडे पाहिलं. ती केळ्यांकडे बघत होती.

डॉक्टर निघाले. "देवमाणूस," बाबा म्हणाले.

"हो ना," ताई म्हणाली. "देवाकडे पोचवायलाच निघाला होता."

"डॉक्टरांबद्दल असं बोलू नये," बाबांनी तिला दटावलं. पण तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. खिशातली मापाची टेप चाचपत ते लगबगीनं डॉक्टरांच्या मागे बाहेर गेले.

दाराच्या काचेतून पेन्सिलला दिसलं. कॉरिडॉरमध्ये डॉक्टर दोन्ही हात पसरून उभे होते, आणि बाबा चवड्यांवर उंच होऊन, टेप ताणून, त्यांच्या खांद्यांचं माप घेत होते. कोट शिवणार होते. बाहीचं माप झाल्यावर बाबांनी काहीतरी विचारलं, आणि डॉक्टरांनी जरा विचार करून खिसे कुठे हवेत ते दाखवलं.