कप्तानांचे शिंपले आणि बाईंची वही

दातांच्या डॉक्टरांनी घर विकायला काढलं, ही बातमी कप्तानांना न्हाव्याच्या खुर्चीत कळली. अर्धी दाढी झाली होती, उरलेल्या गालावर साबण होता आणि न्हावी सहज म्हणाला, "डॉक्टर मुलाकडे चाललेत, कायमचे. घर ओळखीतल्या माणसाला द्यायचं म्हणतात." उरलेली दाढी कप्तानांनी कशी करून घेतली ते त्यांचं त्यांना माहीत. तिथून ते थेट डॉक्टरांच्या दारात गेले आणि आठ दिवसांची मुदत मागून घरी आले.

कप्तान म्हणजे काही खरे कप्तान नव्हेत. तीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. सुकाणूला त्यांनी कधी हात लावला नाही, हातात कायम पळी. पण जहाजावरचा माणूस म्हटलं की गल्लीला एकच हुद्दा माहीत, तो त्यांना चिकटला. त्यांची बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. निम्मी गल्ली तिच्या हाताखालून गेलेली, म्हणून ती सगळ्यांची बाई. दोघांच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि बिऱ्हाडं झाली होती सहा. सगळी भाड्याची. सध्याचं तिसऱ्या मजल्यावर होतं आणि बाईंचा उजवा गुडघा दुसऱ्या मजल्यावरच संप पुकारायचा.

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," असं कुणी म्हटलं की बाई म्हणायच्या, "विंचवाचं बरं आहे. त्याला शिंपले न्यावे लागत नाहीत."

शिंपले म्हणजे शंख, शिंपले, कवड्या, सगळंच. घरात त्या साऱ्याला शिंपलेच म्हणत. जहाज बंदराला लागलं की बाकीचे लोक गावात जायचे आणि कप्तान ओहोटीच्या वेळेला खडकांवर जायचे. कोळ्यांशी खाणाखुणांनी बोलायचे, त्यांना गरम जेवण बांधून न्यायचे आणि बदल्यात जाळ्यात अडकून आलेलं काहीबाही घेऊन यायचे. असे अकराशे नग जमले होते. त्यांच्यासाठी चाळीस उथळ खणांचं कपाट होतं आणि ते प्रत्येक बिऱ्हाडात सगळ्यात चांगली भिंत अडवून बसायचं. काही लाकडांची वाफ आंबट असते, तिने शिंपल्यांवर पांढरी पूड चढते, म्हणून खणांतले कागद दर वर्षी बदलावे लागत. कप्तान समुद्रावर असताना ते बाई बदलत.

"विकून टाकतो," त्या दिवशी जेवताना कप्तान म्हणाले. "शिल्लक आहे, लेक थोडे देईन म्हणते, आणि संग्रहालयाच्या मॅडम मागे दोनदा विचारून गेल्यात. होतंय जमून."

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "काय विकता?"

"सगळं."

"असं काय झालंय तुम्हाला?" एवढंच बाई म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं घर बघायला गेली. तळमजला, तीन पायऱ्या, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक दार. पुढच्या खोलीत डॉक्टर दात बघायचे. तिथे भिंतीला छोटं भांडं होतं चूळ भरायचं, आणि फरशीवर खुर्ची घट्ट बसवलेल्या जागी चार भोकं होती. "या खोलीत मी एकदा ओरडलो होतो," कप्तान म्हणाले. डॉक्टर हसून म्हणाले, "अख्खी गल्ली ओरडलीय."

बाई हसल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या होत्या. खिडकीची कडी त्यांनी काढली, लावली, पुन्हा काढली. मग मागचं दार उघडलं. बाहेर चार पावलांचं अंगण होतं, वाळत घालायची तार होती, आणि कुंपणापलीकडे कुणीतरी गालिचा झटकत होतं. बाई बराच वेळ दारात उभ्या राहिल्या. परतताना कप्तानांनी विचारलं, "आवडलं?" बाई म्हणाल्या, "बरं आहे." अडतीस वर्षांत कप्तान एवढं तरी शिकले होते की बाईंच्या 'छान आहे'पेक्षा 'बरं आहे' फार मोठं असतं.

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या. किडकिडीत, चष्मेवाल्या, बोलायला मोकळ्या. पांढरे हातमोजे घालून त्यांनी एकेक खण ओढला आणि तासाभरात त्यांचा चहा गार झाला तरी त्यांना कळलं नाही. सत्ताविसाव्या खणातली सोनेरी कवडी त्यांनी उजेडाकडे धरली आणि हळूच म्हणाल्या, "ही एकटीच केवढ्याला जाईल, तुम्हाला कल्पना आहे?"

"आणि लोक म्हणतात, याच्याकडे फुटकी कवडी नाही!" कप्तान खूश झाले. आणि खूश झाले की ते ती गोष्ट सांगत, तशी त्यांनी ती सांगितली. जहाजाचं इंजिन बिघडलं होतं. एका लहानशा बंदरात पाच आठवडे अडकून पडले होते. काम नाही, धंदा नाही, रोज ओहोटीला एका म्हाताऱ्या कोळ्याबरोबर खडकांवर. आणि एके सकाळी गुडघाभर पाण्यात ही. "आयुष्यातले सगळ्यात सुखाचे पाच आठवडे," ते म्हणाले. ही गोष्ट त्यांनी पाहुण्यांना शंभरदा सांगितली असेल. बाई चहाचे कप उचलत होत्या.

मॅडम म्हणाल्या, "नोंदी आहेत ना? कुठे मिळालं, कधी मिळालं? ते नसेल तर हे सगळं नुसतं शोभेचं. नोंदी असतील तरच संग्रहालय पूर्ण किंमत देऊ शकेल."

"आहेत की! प्रत्येक फेरीहून आलो की मी सांगायचो आणि बाई लिहून घ्यायच्या. मोठी वही आहे."

"वही द्यायची नाही," आतून बाई म्हणाल्या.

मॅडम कप्तानांकडे बघायला लागल्या, कप्तान दाराकडे. मग ते म्हणाले, "कळवतो तुम्हाला." मॅडम गेल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. "अगं, हातातोंडाशी आलेला घास आहे. वहीत असं काय आहे?"

"तुम्ही कधी वाचलीत?"

"लिहिणारी घरात असताना वाचायचं कशाला?"

बाईंनी हात पुसले, आत जाऊन वही आणली आणि त्यांच्यासमोर ठेवली. जाड पुठ्ठ्याची, दोनदा शिवलेली. "वाचा. मग द्यायची का नाही ते सांगा," म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन बाजारात निघून गेल्या. खरं तर त्या दिवशी बाजारातून आणायचं काही नव्हतं.

कप्तानांनी चष्मा लावला. डाव्या बाजूला त्यांनी सांगितलेलं होतं, शाळेतल्या फळ्यासारख्या टपोऱ्या अक्षरात: नग, बंदर, तारीख, पाणी किती खोल. उजव्या बाजूला बारीक अक्षर होतं. ते त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

'हे सात महिन्यांनी आले. पोरगी माझ्यामागे लपली. तिने विचारलं, हे काका किती दिवस राहणार?'

'तीन शंख. यांच्या हाताला भाजलंय, सांगत नाहीत. मीही जिन्यावरून पडल्याचं सांगितलं नाही.'

'यांनी स्वयंपाक केला. आठजणांचा. सवयच नाही तिघांची.'

'बारा शिंपले. यांची आई गेली त्याला एकवीस दिवस झाले. मला रडून झालं होतं, यांना तेव्हा रडू आलं. मग मी परत रडले.'

असं पानामागून पान. कप्तानांना काही आठवत होतं आणि बरंच काही मुळी माहीतच नव्हतं. मधे उठून ते पाणी प्यायले. मग सत्ताविसाव्या खणाचं पान आलं. डावीकडे सोनेरी कवडी, त्या बंदराचं नाव, गुडघाभर पाणी. उजवीकडे:

'घर गेलं. पाण्याच्या टाकीमागचं, हिरव्या फाटकाचं. माझ्या पगारातून विसार दिला होता. कर्जाला यांची सही हवी होती. मालक महिना थांबला, आणखी आठ दिवस थांबला. तार केली, ती पुढच्या बंदराला गेली, जहाज त्या बंदराला लागलंच नाही. हे काल आले. कवडी बघून नाचत होते. यांना सांगायचं नाही. इतके खूश मी यांना कधी बघितले नव्हते.'

कप्तानांनी वही मिटली. मग पायात चपला घातल्या आणि जिना उतरले.

पाण्याची टाकी अर्ध्या तासावर होती. तिच्यामागे आता दुकानांची रांग झाली होती, पण शेवटी ते घर होतंच. फाटक हिरवं नव्हतं, राखाडी होतं. पायरीवर एक मुलगी गुडघ्यावर वही ठेवून गणितं करत बसली होती. चोवीस वर्षांपूर्वी त्यांची लेक एवढीच होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. "कोण पाहिजे आजोबा?" मुलीने विचारलं. कप्तान म्हणाले, "कुणी नाही गं. घर बघत होतो." मुलीने एकदा घराकडे बघितलं, त्यात बघण्यासारखं काय आहे ते तिला कळलं नाही, आणि ती परत गणिताला लागली.

ते परतले तेव्हा बाई रिकामी पिशवी घेऊन जिन्यात पहिल्या मजल्यावर बसल्या होत्या. कप्तान त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? घर आलं नसतं. आणि कवडीही तुमच्या नजरेतून उतरली असती. घरात निदान एक तरी जण खूश राहू दे, असं वाटलं तेव्हा."

"आणि मी ती गोष्ट शंभरदा..."

"एकशे चार," बाई म्हणाल्या. "बाईंना मोजायची सवय असते."

कप्तानांना हसू आलं नाही. "मी सगळं विकतो. उद्याच. तुझं देणं लागतो मी."

तेव्हा मात्र बाई चिडल्या. "माझ्यावर उपकार म्हणून विकणार असाल तर राहू दे. मला तसलं घर नको. तुम्हाला वाटतं घर दिलं की मिटलं! मला घर हवं होतं ते तेव्हा. पोरगी पायरीवर बसून अभ्यास करील, तुम्ही याल, तुमच्या खुंटीला तुमचा सदरा असेल. आता पोरगी तिच्या घरी, आणि तुम्ही दहा वर्षं समोरच बसलेले. ते दिवस कुठल्या खणात आहेत सांगा."

कुणीतरी जिना चढून आलं, दोघं भिंतीला सरकली, ते माणूस वर निघून गेलं.

"शिंपले आवडायचे का तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "पण कागद बदलताना एकेक हातात घ्यायचे ना, तेव्हा तुमचे हात तिथे लागलेले असायचे." आणि थोड्या वेळाने, "मागचं दार मात्र फार आवडलं हो मला. त्या घराचं."

मग ठरलं ते असं. शिंपले द्यायचे. वही द्यायची नाही. डाव्या बाजूची नक्कल करून द्यायची. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, तारीख आणि जागा बरोबर असेल आणि बाईंची सही असेल तर नक्कल चालेल. डॉक्टरांकडून आणखी पंधरा दिवस मागून घेतले.

नक्कल करायला तेरा दिवस लागले. खरं तर चार दिवसांचं काम. पण बाई डावी बाजू वाचायच्या, कप्तान लिहायचे आणि लिहून झालं की विचारायचे, "उजवीकडे काय आहे?" बाई तेही वाचायच्या. "आणि त्याच्या आदल्या दिवशी?" ते वहीत नसायचं. ते बाई आठवून सांगायच्या: छत गळत होतं म्हणून पलंग खोलीच्या मधोमध घेतला होता, पोरीला गोवर निघाला होता, घरमालकिणीशी भांडण होऊन मग मैत्री झाली होती. "मग मी कुठे होतो?" कप्तान विचारायचे आणि बाई बोटाने बंदराचं नाव दाखवायच्या. एका दुपारी लेकीचा फोन आला तेव्हा कप्तानांनी तिला विचारलं, "लहानपणी मी घरी आलो की तू लपायचीस?" "लपायचे," ती म्हणाली. "पण तुम्ही निघालात की मीच तुमच्या बॅगेत लपायला बघायचे. आई सांगायची नाही का?" आईने ते सांगितलं नव्हतं. वहीतही नव्हतं.

संग्रहालयाची माणसं आली आणि चाळीस खणांतले शिंपले कापसात गुंडाळून कपाटासकट घेऊन गेली. कप्तान खिडकीतून बघत होते. गाडी वळल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे कपाटाच्या आकाराचा उजळ चौकोन उरला होता. दिवसभर ते त्या चौकोनासमोरच बसून राहिले. बाईंनी दोनदा चहा केला, तिसऱ्यांदा नुसत्याच शेजारी बसल्या. रात्रीच्या जेवणाला कप्तान म्हणाले, "आठवण येतेय गं." "येणारच," बाई म्हणाल्या. "मला पण येतेय, काय सांगू! मेले नुसते धूळ खायचे."

महिन्याभरात ती दोघं डॉक्टरांच्या घरात राहायला गेली. चूळ भरायचं भांडं काढलं, फरशीची भोकं बुजवली. लेक दोन दिवस येऊन सामान लावून गेली. तिने आईला विचारलं, "झालं ना मनासारखं?" बाईंनी मागचं दार पुसता पुसता सांगितलं, "झालं. उशिरा झालं, पण झालं."

लेक गेली त्या संध्याकाळी कप्तान दूध आणायला कोपऱ्यावर गेले. दुकानात गर्दी होती, वीसेक मिनिटं लागली असतील. परत आले तर बाई पुढच्या पायरीवर, खांबाला हात लावून उभ्या होत्या.

"आलात?"

"अगं, दूध आणायला तर गेलो होतो."

"हो, माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवी घेतली नाही, त्यांचा हात धरला. "तरी."