इन्शिराहने अंगावर घेतलेलं दुखणं

थोरल्या लेकीचं, सनाचं लग्न झालं त्याच साली, म्हणजे चौऱ्याण्णवला, इस्मतच्या बनियनवर डाव्या बाजूला रक्ताचा ठिपका दिसू लागला. इस्मत इजिप्तमधल्या दुम्यात शहरात लाकडावर नक्षी कोरायचा. पटाशीची मूठ छातीला टेकवून रेटा द्यायची त्याची तीस वर्षांची सवय. बोंडाखाली हरभऱ्याएवढी गाठ लागत होती, तीही त्याने मुठीच्याच माथी मारली. पण कपडे धुणार बायको. तिसऱ्या बनियनला इन्शिराह म्हणाली, "अहो सनाचे बाबा, पटाशी रोज एकाच जागी कशी हो चावते?"

मन्सुरा शहरातल्या इस्पितळात बाकांवर सगळ्या बायकाच. इस्मत हे नाव बाईचंही असतं, आणि कारकुनाने चिठ्ठीवर बाईच लिहिली होती.

"इस्मतबाई! इस्मतबाई कोण?" नर्स ओरडली.

इस्मत फरशीकडे बघत राहिला. इन्शिराह उठली. "ह्याच इस्मतबाई. मिशी आहे तेवढी सांभाळून घ्या."

बायका हसल्या. एक म्हातारी सरकून म्हणाली, "ये रे बाबा, नंबर लागेपर्यंत इथे टेक. इथे सगळ्या एकाच बोटीतल्या."

डॉक्टरांनी सुई घालून तुकडा तपासायला पाठवला. आठवड्याने म्हणाले, "स्तनाचा कॅन्सर आहे. पुरुषालाही होतो, शंभर रोग्यांत एखादा. तो स्तन काढू, काखेतल्या गाठीही काढू, मग किरणांचा शेक, मग पाच वर्षं रोज एक गोळी. वेळेवर आलात."

परतीच्या गाडीत इस्मत म्हणाला, "मी काही कापून घेणार नाही. बायकांचा रोग झाला म्हणून बाजारभर होईल. त्यापेक्षा मेलेला बरा."

इन्शिराह खिडकीबाहेर कालवा बघत होती. "बायकांचा आहे ना? मग बाईच्या नावावर राहू दे. मला झालाय म्हणून सांगू. तुम्ही सोबतीला येता."

"खुळी की काय तू?"

"खुळी तर खुळी. तुम्ही जगा."

तसंच झालं. गल्लीतल्या बायका इन्शिराहसाठी भात भरलेली कबुतरं आणायच्या, ती डोक्याला रुमाल बांधून कण्हायची, आणि दार लागलं की कबुतर इस्मतच्या ताटात पडायचं. डावा हात का वर होत नाही, असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "फळी पडली."

चार महिन्यांनी तो पुन्हा कॉफीखान्यात बसू लागला. तिथे बरहूम भेटला. तो खुर्च्यांना गाद्या शिवायचा, आणि तोंडाचा फटकळ.

"उस्ताद, अर्ध्या बाईबरोबर किती दिवस काढणार? माझी मेहुणी विधवा आहे. अंगाने भरलेली. बोल, विचारू?"

दोघेतिघे फिदीफिदी हसले. इस्मतने हातातली डॉमिनोची सोंगटी खाली ठेवली. कण्हायचं नाटक करणारी इन्शिराह त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याने उजव्या हाताने गलाबियाची, म्हणजे पायघोळ झग्याची बटणं एकेक काढली. डाव्या बाजूला बोंड नव्हतं, काखेपर्यंत शिवणीचा लाल वळ होता.

"ही बघ अर्धी बाई, बरहूम. आता दे हिला तुझी मेहुणी."

चहावाल्याने रेडिओ बंद केला. बरहूमने मान खाली घातली. मग तो म्हणाला, "दुखतं का रे?"

"आता नाही," इस्मत म्हणाला आणि घरी गेला.

इन्शिराह भेंडी चिरत होती. "सांगून आलो," तो दारातूनच म्हणाला.

"काय?"

"दुखणं कुणाचं ते."

तिने डोक्यावरचा रुमाल सोडला. "बरं केलंत. कबुतरांचा वीट आला होता."

"कबुतरं मी खाल्ली."

"बघून बघून वीट आला होता," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

इस्मतने पाच वर्षं गोळी घेतली, एकही दिवस चुकवली नाही. इन्शिराह दोन हजार नऊच्या रमजानात हृदयविकाराने वारली. इस्मत दोन हजार तेराच्या हिवाळ्यात वारला, न्यूमोनियाने.