साऱ्या गावाला ठावं

अकरा वर्षं वीतभर बांधासाठी भांडलेल्या भैरूनं त्या सकाळी आपणहून हद्दीचा खुंट मागं सरकवला, तेव्हाच दत्तोबाच्या मनात पाल चुकचुकली.

"का रं भैरू, आज एकाएकी धर्मराज झालास?"

भैरूनं टोपी काढली. "झालं गेलं पोटात घाल, दत्तोबा. आता काय बरोबर न्यायचं हाय?"

"कुणाला?"

भैरू गडबडला. टोपी झटकून ज्वारीतनं तरातरा निघून गेला.

दत्तोबा बांधावरच बसला. लोणी काळभोरच्या त्या काळ्या रानात ऊन चढत होतं आणि पोटातली कळ पाठीत निघाली होती. साधी गाठ होती, काढून टाकली, इंजेक्शनं संपली की ठणठणीत, असं विक्रम म्हणाला होता. पोरगा कोथरूडला राहायचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याच्या शब्दावर दत्तोबानं कधी शंका घेतली नव्हती. त्याच भरवशावर आषाढात त्यानं आंब्याची बारा कलमं लावली होती. बायकोनं, सोजरबाईनं, एकेक कलम सरळ धरलं होतं, त्यानं माती लोटली होती.

तो घरी आला. सोजरबाई शेंगा फोडत होती.

"भैरूला ठावं हाय, मलाच न्हाई. काय झालंय मला?"

तिचा हात सुपातच थांबला. "विक्या म्हनला, सांगितलं तर तुमी हाय खाल."

"कलमं लावताना ठावं व्हतं तुला?"

तिनं मान खाली घातली.

"चार वर्सांनी आंबा खाऊ म्हनत व्हतो मी. अन् तू हूं हूं करत व्हतीस!"

"लई खुशीत व्हता वो तुमी..."

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पाणीसुद्धा माठातलं आपलं आपण घेऊन प्यायचा.

शनिवारी विक्रम मोटार घेऊन आला. मागोमाग स्कूटीवरून सोनाली. ही नर्स दर आठवड्याला घरी येऊन दुखण्यावरचं औषध देऊन जायची. गळ्यातलं ओळखपत्र ती ओढणीआड झाकते, हे दत्तोबाच्या आज ध्यानात आलं.

"ते दाव बरं."

चौथीपर्यंत शिकलेल्या दत्तोबानं अक्षर अक्षर लावून वाचलं. कर्करोग रुग्णांची घरपोच शुश्रूषा.

"झाकायला कुनी सांगितलं?"

"घरच्यांनी. पण तुम्ही सरळ विचारलंत तर मी खोटं बोलणार नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं."

"मग इचारतो. मी बरा व्हनार का?"

सोनाली त्याच्यासमोर खाली बसली. "नाही, काका. पण तुम्हाला दुखू नये, यासाठी पुष्कळ करता येतं. ते आपण शेवटपर्यंत करू."

"सिस्टर!" विक्रम उसळला. "बाबा, पॉझिटिव्ह राहा. मोठ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय मी—"

"माझं मरान साऱ्या गावात वाटलंस, विक्या, अन् मलाच उपाशी ठिवलंस."

विक्रम तिथंच भिंतीला टेकून रडायला लागला.

"रिपोट मोटारीत असंल. आन."

विक्रमनं फाईल आणली. सोजरबाई पदर तोंडाला लावून आत निघाली.

"बस हितंच. पाच महिने तुमी ऐकलंत, आज मी ऐकनार हाय." फाईल त्यानं सोनालीच्या हातात दिली. "वाच, पोरी. पयल्या पानापासनं. काय गाळू नगंस."