उघडलेली चिठ्ठी

आमच्या चर्चमधल्या कॉलेजच्या पोरापोरींचा एक नियम आहे. दर रविवारी प्रत्येकाने नाव आणि मागणं लिहून चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकायची, मग एकेक उचलायची, आणि ज्याची चिठ्ठी हाती येईल त्याच्यासाठी आठवडाभर गुपचूप प्रार्थना करायची. नाव दिसू नये म्हणून घडी घातलेल्या चिठ्ठ्यांना पिना मी मारते. फुकटची कामं माझ्याच गळ्यात पडतात.

माझं मागणं दोन वर्षं तेच आहे: आई अंथरुणातून उठावी. बाकीच्यांच्या परीक्षा होतात, नोकऱ्या लागतात, मागणी बदलतात. माझी आई काही हलत नाही. तरी तिची कूस बदलताना मला एवढा आधार असायचा, की आत्ता कुणीतरी आमचं नाव देवापुढे घेतंय.

आज चहाचे कप विसळून येईपर्यंत डब्यात एकच चिठ्ठी उरली होती. माझीच. तिची पिन काढलेली होती. कुणीतरी ती वाचून परत टाकली होती आणि दुसरी उचलली होती.

"कुणाची आली गं?" गट चालवणाऱ्या दादाने हसत विचारलं.

"सांगायचं नसतं ना, दादा."

घरी आईने नेहमीसारखं विचारलं, "या आठवड्यात आपल्यासाठी कोण आहे?"

"आहे कुणीतरी."

तिने समाधानाने डोळे मिटले. मी तिच्या खाटेशेजारी गुडघे टेकले, चिठ्ठी उघडून समोर धरली. आणि मलाही ती परत डब्यात टाकावीशी वाटली.