झीलकऱ्याची जागा

मी काही गवई नाही. उंद्रीच्या मारुतीच्या देवळात वामनरावांच्या मागे उभे राहून झील धरणाऱ्या सहा जणांतला मी एक, डावीकडून तिसरा. वामनरावांनी ओळ म्हणायची आणि आम्ही ती उचलून धरायची, एवढंच आमचं काम. वांगी-मिरची पिकवणाऱ्या माणसाला याहून जास्त हवं तरी काय? दिवस मोटेवर गेला की चिंचेनं घासलेले टाळ घेऊन निघायचं. अर्जुनरावाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. दोन अभंगांच्या मध्ये तो अडकित्त्यानं सुपारी फोडून अर्धी माझ्या हातावर ठेवायचा. आणि सहा गळे एकदम वर चढले की त्यात आपला कुठला आणि त्याचा कुठला हेच कळेनासं व्हायचं. त्या घडीसाठी मी जेवण सोडायचो आणि बायकोच्या, झुंबरच्या, शिव्या खायचो.

मग मानमोडीच्या तापाची साथ आली. घरटी एक माणूस गेलं. मी वाचलो. ताप उतरला, पण जाताना माझे दोन्ही कान घेऊन गेला. झुंबरनं कोमट तेल घातलं, लसणाचा रस घातला, देवाला नारळ कबूल केला. मी ठार बहिरा तो बहिराच.

"सांगून टाका ना वामनरावले," ती माझ्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हणायची. "काऊन लपवता?"

"सांगतलं तं रांगेतून काढतीन मले."

काढलंच असतं. एक बेसूर निघाला की सहाही बुडतात. म्हणून वर्षभर मी चोरी केली. चाली गळ्याला पाठ होत्या. वामनराव आमच्याकडे वळून ओळ द्यायचे, त्यांच्या ओठांवरून ती कळायची, किसनरावाच्या मृदंगावरच्या हातावरून लय कळायची, आणि अर्जुनरावाचा खांदा वर झाला की मी श्वास घ्यायचो. बाकीचे डोळे मिटून डुलायचे, मी मात्र टक्क उघडे ठेवून. रोज घरी जाताना वाटायचं, आज निभावलं, उद्या पकडलं जाणार. तरी दुसऱ्या दिवशी टाळ उचलायचोच. ऐकू येत नसलं तरी सगळे मिळून गाताना छाती थरथरते, ती थरथर मला पुरत होती.

चैत्रात सप्ताह बसला. पाचव्या दिवशी दुपारी वामनरावांनी माझ्या आवडीचा अभंग धरला. गर्दीनं अर्जुनराव हातभर पलीकडे सरकला होता. मी ओळ उचलली, छातीत ती थरथर भरली, आणि काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा वामनरावांचा हात 'थांबा' म्हणून वर होता. किसनरावानं मृदंग मांडीवरून खाली ठेवला होता. देऊळभर माणसं तोंड मिटून माझ्याकडे पाहत होती, आणि मी एकटा बेंबीच्या देठापासून गात होतो. तीच ओळ मी किती वेळा म्हटली असेल, देवालाच ठाऊक.

मेलो, म्हटलं.

पण वामनराव पुढे झाले. सत्तरीचा माणूस, डोळ्यांत पाणी. आले आणि माझ्या पाया पडले. मग अर्धे माझ्याकडे, अर्धे लोकांकडे वळून म्हणाले, "आपुन सारे थांबलो, याले भानच नाही! अशी तंद्री मी जलमात पाह्यली नाही!" आणि त्यांनी पहाऱ्याला उभ्या शेषरावाच्या गळ्यातली वीणा काढून माझ्या गळ्यात घातली. "आता जलमभर हे तुह्याच गळ्यात."

लोकांना वाटलं केवढा मान! पण वीणा घेतलेला माणूस मधोमध एकटा उभा राहतो. तो झील धरत नाही. मी रांगेकडे पाहिलं. श्रोत्यांतून उठून भगवानराव माझ्या जागेवर उभा होता आणि अर्जुनराव त्याला चिकटला होता.

मला राहवेना. किती मोठ्यानं ते मला कळलं नाही, पण मी ओरडलो, "माहे कान गेले! मानमोडीच्या तापात गेले! वर्षभर तुमच्या तोंडाकडे पाहून गाऊन राह्यलो. तुमी थांबले हे मले कळलंच नाही. तंद्री नाही न् काही नाही! काढा हे वीणा. शिव्या द्या, जोडे मारा, पण मले माह्या जाग्यावर उभं राहू द्या!"

वामनराव माझ्याकडे वळले. त्यांचे ओठ मी वर्षभर वाचले होते, एक अक्षर सुटलं नाही.

"कान नाही, तरी नाम सुटलं नाही," ते म्हणाले. "बापा, देवानं तुले जगाच्या कटकटीतून मोकळं केलं." आणि पुन्हा वाकले.

त्यांच्यामागे माझ्या पाया पडायला लोकांची रांग लागली. पहारा संपला की वीणा पुढच्यानं गळ्यात घ्यायची असते, पण माझा पहारा संपला तरी ती घ्यायला कोणी पुढे येईना. माझ्या गळ्यातली काढणं म्हणजे पाप, असं वाटलं असणार त्यांना. तिकडे पुढचा अभंग सुरू झाला, सहा तोंडं एकदम उघडली. खांबाजवळ झुंबर तोंडाला पदर लावून उभी होती. एवढ्या माणसांत तिलाच तेवढं कळलं होतं की माझं काय गेलं.

मी हमसून हमसून रडायला लागलो. ते पाहून रांगेतली एक बाई घाईनं पुढे आली आणि तिनं आपल्या तापानं फणफणलेल्या पोराचं डोकं माझ्या पायांवर ठेवलं.